घरी बनवलेलं हूड आणि आत न जाणारा हात: फिशटँकच्या झाकणात बदल करण्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घरी बनवलेलं हूड, म्हणजे टँकवर बसणारा झाकणाचा डबा, दिसायला बहुतेक वेळा मस्तच असतं, कारण बनवताना सगळं लक्ष लाइट लपवण्यावर आणि बाहेरच्या फिनिशिंगवर असतं. आत हात कसा जाणार हा विचार टँक चालू झाल्यावर येतो, आणि मग रोज ते आख्खं झाकण उचलून कुठेतरी टेकवून ठेवायचं. मला एक गोष्ट अगदी मनापासून वाटते, ज्या टँकचं झाकण उघडायला जिवावर येतं त्या टँकची साफसफाई मागे पडतेच, आणि त्याचा त्रास माशांना होतो. म्हणून हा बदल नुसत्या सोयीचा धरू नका, टँकच्या तब्येतीचाच भाग आहे तो.

हूड भक्कम आहे, फक्त उघडायला त्रास होतो. नवीन बनवू की यातच बदल करू?

बहुतेक वेळा यातच. आधी हूड खाली उतरवा, उलटं करा आणि आतल्या कडा, स्क्रूच्या आजूबाजूची जागा, खालची किनार अशा ठिकाणी स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. टोक सहज आत घुसलं, प्लायचे थर सुटे झालेले दिसले किंवा कोपरे हलवल्यावर डबा डुगडुगत असेल तर त्यात वेळ घालवू नका, नवीन करा. नुसता रंग निघालाय, एखादी कड थोडी फुगलीय, एवढंच असेल तर दुरुस्त होतं.

बदल नेमका कुठून सुरू करू?

करवत हातात घ्यायच्या आधी थोडे दिवस फक्त बघा की तुम्ही झाकण कशासाठी उघडता. खायला घालायला रोज, काच पुसायला अधूनमधून, पाणी बदलताना पाइप आत टाकायला, फिल्टरचा स्पंज काढायला, झाडं छाटायला. प्रत्येक कामाला हात किती आत जातो आणि कुठे जातो ते वेगळं असतं. रोजचं काम एका हाताने झालं पाहिजे, दुसऱ्या हातात खाद्याची डबी किंवा पाइप असणारच. आठवड्याच्या कामाला दोन्ही हात कोपरापर्यंत आत गेले पाहिजेत. आणि वर्षातून कधीतरी येणारं काम, म्हणजे मोठं लाकूड बसवणं वगैरे, त्याला हूड काढावं लागलं तरी चालतं, त्या एका कामासाठी सगळी रचना बिघडवू नका.

वरचं झाकण बिजागरीवर उघडतं, तरी हात तळापर्यंत पोचत नाही. असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर बहुधा समोरच्या फळीत असतं. हिशोब करून बघा, स्टँड ७५ सेंमी, टँक ४५ सेंमी, म्हणजे काचेची वरची कड १२० वर आली. त्यावर हूडची समोरची फळी १५ ते २० सेंमी, म्हणजे आता तुमचा हात १३५-१४० सेंमी उंचीच्या कडेवरून आत जायला हवा. साधारण उंचीच्या माणसाची काख सव्वाशे सेंमीच्या आसपास असते. म्हणजे झाकण पूर्ण उघडलं तरी ती फळी काखेत रुततेय आणि हात निम्म्यावरच थांबतोय, स्टूल घेतल्याशिवाय वाळूला हात लागत नाही.

उपाय असा की समोरची फळी डब्याला ठेवायचीच नाही, ती झाकणाला जोडायची. वरच्या झाकणाचा पुढचा भाग आणि समोरची फळी मिळून एक L आकाराचा तुकडा होतो, तो एकत्र वर उचलला जातो आणि समोरून थेट काचेच्या कडेपर्यंत मोकळं होतं. फक्त एक लक्षात ठेवा, समोरची फळी सुटी झाली की डब्याचा ताठपणा कमी होतो, बाजूच्या फळ्या आत-बाहेर झुकायला लागतात. म्हणून खाली समोरच्या बाजूने काचेच्या कडेवर टेकेल अशी दोन-अडीच सेंमी उंचीची एक पट्टी डब्याला ठेवा आणि चारही कोपऱ्यांत आतून लाकडाचे ठोकळे गम आणि स्क्रूने बसवा. एवढी छोटी पट्टी हाताला आड येत नाही.

वरचं झाकण कुठे कापू? मधोमध?

मधोमध कापलं तर दिसायला बरं दिसतं पण कामाला अर्धवटच. साधारण पुढचा दोन तृतीयांश भाग उघडणारा आणि मागचा एक तृतीयांश पक्का, हे प्रमाण बहुतेक टँकला जमतं, कारण फिल्टर, हीटरची वायर, हवेची नळी हे सगळं मागेच असतं आणि त्याला रोज हात लावायचा नसतो. कापायची रेघ मारण्याआधी लाइट कुठे आहे ते बघा, बिजागरी बरोबर लाइटच्या पट्टीवर येता कामा नये.

टँक लांब असेल, चार फुटांच्या पुढे, तर पुढचा भाग एकसलग ठेवू नका. दोन झाकणं करा, डावं आणि उजवं. लांब झाकण एका हाताने उचललं की पिळतं, आणि उडी मारणारे मासे असतील तर खाद्य टाकायला अर्धीच बाजू उघडलेली बरी. दोन झाकणांचा जोड टँकच्या मधल्या आडव्या काचपट्टीवर येईल असं जमवलं तर सगळ्यात छान, तिथून तसाही हात आत जात नाही.

ती मधली काचपट्टी आड येते, काढून टाकली तर?

नाही. अजिबात नाही. ती पट्टी पुढची आणि मागची काच पाण्याच्या दाबाने बाहेर फुगू नये म्हणून असते. ती काढली की सिलिकॉनच्या जोडांवर ताण येतो आणि टँक फुटू शकतो. कापायचं ते लाकूड, काच नाही.

आतल्या बाजूला पाण्यावर काचेचं झाकणही आहे. मग दोन-दोन झाकणं उघडायची?

हूडला बिजागरी लावली आणि आत काच तशीच एकसलग ठेवली तर त्रास निम्माही कमी होत नाही. काचेचंही दोन भागांत विभाजन करा, रेघ हूडच्या रेघेच्या जरा पुढे किंवा बरोबर खाली. मागचा तुकडा पक्का, पुढचा उचलायचा किंवा सरकवायचा. सरकणारी काच हवी असेल तर दोन खाचांची प्लास्टिकची पट्टी मिळते, त्यात ४ किंवा ५ मिमीच्या दोन काचा एकमेकींवरून सरकतात, पण त्या खाचेत क्षार आणि शेवाळ बसतं, महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशने साफ केलं नाही तर काच अडकते. उचलणाऱ्या काचेला वर एक छोटी मूठ सिलिकॉनने चिकटवा. आणि काचेच्या सगळ्या कडा घासून घ्या, ओल्या हाताला घासलेली आणि न घासलेली कड यातला फरक पहिल्याच दिवशी कळतो.

काचेऐवजी ऍक्रिलिक घेतलं तर हलकं होईल ना?

हलकं होतं पण वाकतं. ऍक्रिलिकची खालची बाजू सतत वाफेत असते, ती ओलावा शोषून किंचित फुगते, वरची बाजू कोरडी राहते, म्हणून शीट खाली झुकते आणि कडा वर येतात. ३ मिमीची शीट तर फार लवकर वाकते. अधूनमधून उलटीसुलटी केली तर थोडी सरळ राहते. आतून पोकळ खणांची पॉलिकार्बोनेट शीट त्यापेक्षा पुष्कळ ताठ राहते आणि कटरने कापता येते, फक्त तिचे उघडे खण टेपने किंवा सिलिकॉनने बंद करा, नाहीतर आत शेवाळ धरतं.

बिजागरी कोणती लावू?

पियानो बिजागरी, म्हणजे झाकणाच्या पूर्ण लांबीची सलग पट्टी. वजन सगळीकडे सारखं वाटलं जातं, झाकण पिळत नाही आणि फटही बंद होते. दोन सुट्या छोट्या बिजागऱ्या लावल्या तर पातळ प्लायमधले स्क्रू काही महिन्यांत सैल होतात.

धातू स्टेनलेस स्टीलचा घ्या. साध्या लोखंडाची बिजागरी वाफेने गंजते आणि त्याचे थेंब पाण्यात पडतात. पितळेची दिसायला सुंदर असते पण पितळेत तांबं असतं, आणि तांबं झिंग्यांना आणि गोगलगायींना अगदी थोड्या प्रमाणातही घातक असतं, त्यामुळे वाफेचे थेंब जिथून पाण्यात परत पडणार तिथे पितळ नको. खाऱ्या पाण्याचा टँक असेल तर ३१६ ग्रेडचं स्टील बघा, ३०४ गोड्या पाण्याला पुरतं पण खाऱ्यात त्यावर तांबूस डाग यायला लागतात.

स्क्रू प्लायच्या कडेत कधी मारू नका, थर सुटतात. सपाट बाजूवर मारा, आधी बारीक ड्रिलने भोक पाडून. हूड पीव्हीसी फोम शीटचं असेल तर त्यात स्क्रू धरतच नाही, तिथे आरपार नट-बोल्ट आणि वायसर किंवा आतून लाकडी पट्टी चिकटवून त्यात स्क्रू.

झाकण उघडं राहत नाही, सारखं हातावर पडतं.

मागे जागा असेल तर सगळ्यात साधा उपाय म्हणजे झाकण सरळ उभं न थांबता थोडं मागे कलू देणं, १०० ते ११० अंश. वजन बिजागरीच्या पलीकडे गेलं की ते आपोआप थांबतं, आणि आणखी मागे जाऊ नये म्हणून बाजूला एक छोटी साखळी किंवा नायलॉनची दोरी. पण हूड टँकला कुठे पक्कं केलेलं नसेल तर उघडल्यावर सगळं वजन मागे जातं आणि आख्खा डबा मागे उलटू शकतो, हे टँकवर ठेवण्याआधी जमिनीवर करून बघा.

टँक भिंतीला चिकटून असेल तर झाकण दुमडून मागच्या पक्क्या भागावर पडेल असं करता येतं, मात्र दोन तृतीयांशाचं झाकण एक तृतीयांशावर मावत नाही, उरलेला भाग मागे बाहेर जाऊन भिंतीला आपटतो. तिथे मग झाकण ८० अंशांवर अडवून ठेवणारी दुमडती पट्टी लावा, पेट्यांच्या झाकणाला असते तशी.

किचन कॅबिनेटला असतो तसा गॅसचा दांडा लावू का?

लावता येतो पण मी सहसा नको म्हणेन. दांडा बिजागरीच्या जवळ बसतो, त्यामुळे त्याला झाकणाच्या वजनापेक्षा बराच जास्त जोर लावावा लागतो. समजा झाकण ४ किलोचं आणि ३० सेंमी खोल, आणि दांडा बिजागरीपासून ५ सेंमी अंतरावर जोर लावतोय, तर एकूण सुमारे १२० न्यूटन, म्हणजे दोन बाजूंना दोन दांडे लावले तर प्रत्येकी ६० न्यूटन. हा सगळा जोर उलट बाजूने डब्याच्या फळीवर येतो, आणि घरच्या हूडची बाजूची फळी १२ मिमी प्लायची असेल तर तिथले स्क्रू उपटले जातात. शिवाय साध्या लोखंडी दांड्याला वाफेत गंज चढतो. झाकण हलकं करणं हा जास्त चांगला मार्ग आहे.

हलकं कसं करू?

१२ मिमी प्लायचं वजन एका चौरस मीटरला साधारण ७ ते ८ किलो भरतं. १२० बाय ४५ सेंमीचं पूर्ण झाकण म्हणजे चार किलोच्या आसपास, त्यात लाइट चिकटवला की आणखी वाढलं. हेच झाकण ६ मिमी प्लायचं आणि कडेने लाकडी पट्टीची चौकट असं केलं तर वजन बरंच उतरतं आणि चौकटीमुळे वाकत नाही. आणि उघडणारा भाग दोन तृतीयांशच ठेवला तर ते आणखी कमी. बिजागरीवरचं झाकण पुढच्या कडेला धरून उचललं की हाताला वजनाच्या निम्मंच लागतं, म्हणून मूठ अगदी पुढच्या कडेला लावा, आत सरकवू नका.

लाइट झाकणाला ठेवू की डब्याला?

शक्य असेल तर डब्याला, मागच्या पक्क्या भागाखाली किंवा आडव्या पट्टीवर. लाइट झाकणावर असेल तर झाकण जड होतं, उघडलं की उजेड थेट डोळ्यांत येतो आणि टँकमध्ये मात्र अंधार, म्हणजे काम करायचं तेव्हाच दिसत नाही. शिवाय वायर रोज बिजागरीपाशी वाकते.

पण टँक रुंद असेल, झाडं भरपूर असतील, तर फक्त मागून आलेला उजेड पुरत नाही, समोरची झाडं मागे झुकतात. तेव्हा लाइट दोन बाजूंच्या फळ्यांवर टेकलेल्या ऍल्युमिनियमच्या पट्टीवर ठेवा, जी कामाच्या वेळी हाताने मागे सरकवता येईल. ही व्यवस्था मला सगळ्यात आवडते, करायला सोपी आणि उजेड कायम पाण्यावर.

झाकणावरच ठेवायचा असेल तर वायर बारीक तारांची, मऊ घ्या, बिजागरीच्या दोन्ही बाजूंना क्लिपने पकडा आणि मधे सैल वळण सोडा.

करंटची भीती वाटते. काय काय बघायचं?

भीती वाटायलाच हवी, पाणी आणि वायर एकत्र आहेत. टँकची सगळी लाइन ३० मिलिअँपियरच्या आरसीसीबीवरून (एक प्रकारचा सुरक्षा स्विच) घ्या, करंटची गळती झाली की तो सेकंदाच्या अंशात सप्लाय तोडतो. प्रत्येक वायर सॉकेटच्या पातळीखाली जाऊन मग वर वळून सॉकेटमध्ये जाऊ द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी त्या खालच्या वळणावरून गळतं, सॉकेटमध्ये जात नाही. एक्स्टेंशन बोर्ड हूडच्या आत किंवा टँकच्या खाली जमिनीवर ठेवू नका, बाजूला भिंतीवर उंच लावा.

एलईडी पट्टीवर आयपी हा पाणी-धुळीपासून संरक्षणाचा आकडा असतो, तो आयपी ६५ असेल तर ती पाण्याचे फवारे सहन करते, आयपी ६७ थोडा वेळ पाण्यात पडली तरी टिकते. झाकण उघडं असताना काहीही निसटून आत पडू शकतं, म्हणून ६७ घ्या आणि शक्यतो १२ व्होल्टची, अडॅप्टर बाहेर ठेवून. हात आत घालण्याआधी प्लग काढायची सवय लावा. पाण्याची पातळी खाली जाणार असेल तर हीटर आधीच बंद करा, तापलेला हीटर उघडा पडला की काच तडकते.

झाकण उघडलं की आतले थेंब ओघळून लाइटवर जातात.

हो, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. बंद झाकणाच्या खाली रात्रभर वाफ जमते, सकाळी उघडलं की थेंब उतरून बिजागरीपाशी येतात, तिथून पक्क्या भागाच्या खालच्या बाजूने सरपटत मागे लाइटपर्यंत जातात. बिजागरीच्या लगेच मागे, पक्क्या भागाला खालून, एक सेंमी उंचीची प्लास्टिकची पट्टी पूर्ण लांबीत सिलिकॉनने उभी चिकटवा. थेंब त्या पट्टीवर अडतो, तिच्या खालच्या कडेला गोळा होतो आणि टपकन पाण्यात पडतो. घराच्या छपराला पागोळ्या असतात तसंच हे.

कापताना प्लाय चिरतो, कडा खराब होतात.

आधी हूड टँकवरून काढून लांब न्या, भुसा आणि रंगाचे कण पाण्यात पडायला नकोत. रेघेवर मास्किंग टेप लावा, बारीक दातांचं पातं घ्या, हूडची चांगली बाजू खाली ठेवा कारण जिगसॉचं (वर-खाली चालणाऱ्या विजेच्या करवतीचं) पातं वर येताना चिरतं. पात्याच्या जाडीएवढं लाकूड उडतं, ते आणि बिजागरीची जाडी मिळून दोन-तीन मिमी फट होते, तेवढी हवीच, नाहीतर ओलावा लागून लाकूड फुगलं की झाकण अडकतं.

रंग कोणता, आणि परत कधी ठेवू?

नवीन कापलेली कड म्हणजे पाणी पिणारी जागा, तिला बाकीच्यापेक्षा एक-दोन हात जास्त द्या. इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन चालतं, आतून पांढरा दिला तर उजेडही वाढतो. स्क्रूच्या भोकांत इपॉक्सीचा थेंब सोडून मग स्क्रू फिरवा, प्लाय कुजायला सुरुवात तिथूनच होते. हाताला सुकलेलं लागलं म्हणजे आतून सुकलं असं नाही, साधारण आठवडाभर मोकळ्या हवेत ठेवा आणि नाक लावून बघा, वास येत असेल तर अजून नाही. सिलिकॉन बुरशीरोधक औषध नसलेलं, टँकसाठीचं घ्या.

खाद्यासाठी छोटी खिडकी करू का?

जरूर. ६-७ सेंमीची पुरते, समोरच्या कोपऱ्यात, फिल्टरच्या प्रवाहापासून लांब. आपोआप खाद्य टाकणारं मशीन लावणार असाल तर ते खिडकीच्या थेट वर ठेवू नका, वाफेने खाद्याचे गोळे होतात, मधे थोडी हवा खेळती ठेवा.

फटी किती चालतात? मासे उडी मारतात.

किली, हॅचेटफिश, ईल, स्नेकहेड, आरोवाना हे अगदी नावाजलेले पळपुटे. ईलला तर नळीसाठी पाडलेलं भोकही पुरतं. मागच्या बाजूला पाइपांसाठी केलेल्या खाचा फिल्टरच्या स्पंजचे तुकडे कापून भरा, हवा जाते आणि मासा जात नाही. आरोवानासारखा ताकदीचा मासा असेल तर झाकणाला कडी हवीच, तो धडक देऊन झाकण उचलतो. घरात मांजर किंवा लहान मूल असेल तरी कडी लावा. चुंबक वापरणार असाल तर उघडे ठेवू नका, त्यांच्यावरचा मुलामा निघून ते गंजतात, इपॉक्सीत बुडवून बसवा.

आणि सगळं हवाबंदही करू नका. बेट्टा, गुरामी हे पृष्ठभागावर येऊन हवा घेतात, त्यांना पाण्यावरची हवा उबदार, दमट पण ताजी लागते. मागच्या फळीत वरच्या बाजूला भोकांची एक ओळ पुरेशी आहे.

इतकं सगळं केल्यावर आख्खं हूड कधीच काढावं लागणार नाही ना?

लागेल, कधीतरी. मोठं लाकूड, दगड बसवायचे असतील किंवा टँक हलवायचा असेल तेव्हा. म्हणून हूड टँकला सिलिकॉनने कायमचं चिकटवू नका, नुसतं टेकवा, आणि आतून काचेला अडेल अशी पट्टी लावा म्हणजे सरकणार नाही. लाइट आणि पंख्याच्या वायरी हूडच्या मागेच सुट्या होतील असे जोड ठेवा, भिंतीपर्यंत सलग वायर असेल तर हूड उचलल्यावर ते धरून उभं राहावं लागतं. उचलताना दोघं जण लागतात, एकाने डावीकडे, एकाने उजवीकडे, डब्याच्या खालच्या पट्टीला धरून. झाकणाला धरून उचलू नका, बिजागरीचे स्क्रू तिथेच सुटतात.